दोरी यंदा कोणाची

मंगलाबाई साळवे काही चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष नव्हत्या. अध्यक्ष नवसाबाई होत्या, फलकावर नावही त्यांचंच होतं. पण वेदीचं कापड बदलायचं असो की पाळकसाहेबांच्या घरी जेवणाचा डबा पाठवायचा असो, नवसाबाई आधी मंगलाबाईंच्या तोंडाकडे बघायच्या आणि मगच हो म्हणायच्या. उभी नोकरी प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईचा आवाजच असा होतो, की समोरचा माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. शरणपूर भागातली कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. त्या पोरांना मिशा फुटल्या, ती बाप झाली, तरी मंगलाबाई समोरून येताना दिसल्या की हातातली सिगारेट पाठीमागे जायची.

नाताळच्या पाळण्याचा सगळा कारभार अर्थातच त्यांच्याकडे. आमच्या चर्चची ती जुनी रीत. चोवीस तारखेच्या संध्याकाळच्या उपासनेत वेदीसमोर सागवानी पाळणा ठेवतात, त्यात बाळ येशूची बाहुली निजवतात आणि बायका पाळणा गातात. बाहुली चांगली तान्ह्या मुलाएवढी आहे. तिचं झबलं-टोपडं दरवर्षी नवं, आणि ते आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांत, महिला मंडळाने हातानेच शिवायचं. मशीन लावलेलं चालत नाही. नाताळ झाला की ते झबलं चर्चच्या मंडळीत पुढे जे बाळ जन्मेल त्याला जातं. आणि पाळण्याची दोरी पहिल्यांदा ओढण्याचा मान, त्या वर्षी जिला बाळ झालं असेल त्या बाईचा. ती पुढे येते, बारशाला आत्या करते तसं बाहुलीच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि मग दोरी ओढते. बदलून आलेल्या एका पाळकांनी एकदा विचारलं होतं, की हे सगळं शास्त्रात कुठे आहे? मंगलाबाईंनी त्यांना विचारलं, केक शास्त्रात कुठे आहे? विषय तिथेच मिटला.

गेल्या वर्षी झबलं शिवायला बायका त्यांच्याच घरी जमल्या होत्या, तेव्हा मंगलाबाईंनी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, की पुढच्या वर्षी दोरी आमच्या तृप्तीची. तृप्ती म्हणजे त्यांची सून, हर्षलची बायको. माहेर इगतपुरीचं, वडील रेल्वेत. ती इथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तेव्हा तिला जेमतेम तिसरा महिना लागलेला. एवढ्यात बोलू नका म्हणून ती डोळ्यांनी सासूला दटावत होती, पण आनंदाची गोष्ट मंगलाबाईंच्या पोटात कधी राहिलेली नाही. बायकांनी हातातलं टोपडं तृप्तीच्याच डोक्यावर ठेवून तिची भरपूर थट्टा केली.

जूनच्या शेवटी, दिवस पुरे भरलेले असताना, तृप्तीला अचानक रक्तस्राव सुरू झाला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. भूल देऊन ऑपरेशन केलं, तृप्ती वाचली, बाळ पोटातच गेलेलं होतं. मुलगी होती. आतल्या सिस्टरने ती आणून मंगलाबाईंच्या हातात दिली, आणि मंगलाबाईंनी नोकरीत जे जन्मभर केलं तेच केलं. आईला दाखवायचं नाही. बघितलं की जीव गुंततो, आणि गुंतलेला जीव सोडवताना बाई हाताबाहेर जाते. त्यांना तसंच शिकवलेलं होतं. त्यांनी हर्षलला सांगितलं, पाळकसाहेबांना फोन केला, आणि तृप्तीची गुंगी पुरती उतरायच्या आत मुलगी दफनभूमीत पोचली होती. हर्षलने लाकडाचा लहानसा क्रॉस लावला. त्यावर लिहिलं, ‘बाळ साळवे’. नाव कोणी विचारलं नाही. विचारायचं तर तृप्तीला विचारावं लागलं असतं, आणि तृप्तीसमोर बाळाचा विषय काढायचा नाही असं मंगलाबाईंनी घरादाराला बजावलेलं होतं.

त्यांनी बजावलं म्हटल्यावर सगळी मंडळी पाळू लागली. तृप्ती घरी यायच्या आत दुपटी, झबली, खुळखुळे, सगळं घराबाहेर गेलं. चर्चमध्ये तृप्ती बसली की लहान पोरांच्या आया मागच्या बाकांवर सरकायच्या. दिवस गेलेली बाई तृप्ती दिसताच ओढणी पुढे घ्यायची. सगळं मायेपोटी, यात शंका नाही. तृप्ती महिन्या-दीड महिन्याने लॅबमध्ये जाऊ लागली, घरातली कामं करू लागली, विचारलं तेवढं बोलू लागली. सावरली बाई पोरगी, असं मंगलाबाई सगळ्यांना सांगत. पण ती घरात असूनही नसल्यासारखी वावरते, हे त्यांना कळत होतं. कळून त्या आणखीच जपत होत्या.

मग आगमनकाळ आला. वेदीवर जांभळं कापड चढलं, चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली लागली. पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, हा वाट पाहण्याचा काळ आहे, आणि वाट कशी पाहायची हे आईला विचारावं, जिच्या पोटात... एवढ्यात त्यांची नजर तृप्तीवर गेली. ते एकदम एस.टी. स्टँडवर आले. पुढचं अख्खं प्रवचन त्र्यंबकच्या गाडीची वाट बघण्यावर झालं. लोक चक्रावले, पण का ते सगळ्यांना कळलं. तृप्तीलाही कळलं असणार.

झबलं शिवण्याची जागा मंगलाबाईंनी यंदा बदलली. चर्चच्या मागे कुसाबाई एकट्या राहत, त्यांच्या घरी बायकांना बोलावलं. कुसाबाईंनी जन्मभर संडे स्कूल चालवलेलं, घर मोठं, ओसरीवर दुपारभर ऊन. तृप्तीला मात्र मंगलाबाईंनी सांगितलं, की चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे. दोरीचंही त्यांनी गुपचूप ठरवलं. स्नेहा पगारेला सप्टेंबरात मुलगा झाला होता. तिला गाठून त्या म्हणाल्या, तुझं नाव धरलंय, पण आत्ताच कुठे बोलू नकोस.

दुसऱ्या रविवारी हर्षल आईला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाला, की तृप्ती तेवीस तारखेला इगतपुरीला जातेय. नाताळ माहेरी करणार. मंगलाबाई म्हणाल्या, जाऊ दे, तेवढाच बदल. हर्षल म्हणाला, मोठी बॅग भरलीय. तिच्यात तिची सगळी सर्टिफिकिटं आहेत. इगतपुरीत कुठली लॅब आहे ते ती फोनवर वडिलांना विचारत होती. मंगलाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. सून बोलत नाही ते चालवून घेता येतं, पण सर्टिफिकिटं घेऊन निघालेली सून परत येत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्या रात्री त्यांनी प्रार्थना केली, ती प्रार्थना कमी आणि देवाला दिलेली तंबी जास्त होती. मी काय कमी केलं हिच्यासाठी, असा तिचा एकूण सूर होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्या घाईत निघाल्या आणि चष्मा घरीच विसरल्या. तृप्तीला त्या दिवशी लवकर सुट्टी झाली होती. तिने टेबलावर चष्मा पाहिला, सासूला गाण्याचं पुस्तक कसं दिसणार म्हणून चर्चवर घेऊन गेली. चर्चला कुलूप. आवारात झाडणाऱ्या माणसाने सांगितलं, तालीम कसली, बायका तिकडे कुसाबाईंच्या ओसरीवर आहेत.

तृप्ती ओसरीच्या पायरीवर आली आणि बायकांचं बोलणं गपकन थांबलं. मंगलाबाईंच्या मांडीवर अर्धं शिवलेलं झबलं होतं. काय सुचलं त्यांना कोण जाणे, त्यांनी ते खाली सारलं आणि त्यावर बसल्या. सुईसकट. सुई टोचली तरी त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कोपऱ्यात स्नेहा मुलाला पाजत होती. तिने घाईने पदर ओढून मूल पुरतं झाकून घेतलं, चोरीचा माल झाकावा तसं.

तृप्तीने चष्मा मंगलाबाईंपुढे ठेवला. खाली टोपडं पडलं होतं ते उचललं, उलटसुलट करून टाके पाहिले. मग म्हणाली, “दोरी यंदा कोणाची?”

कुसाबाई म्हणाल्या, “स्नेहाची ठरलीय.”

“त्या वर्षी जिला बाळ झालं तिची असते ना दोरी?”

“तृप्ती,” मंगलाबाई म्हणाल्या, “तुला त्रास नको म्हणून आम्ही...”

“मला बाळ झालं होतं, आई. तुम्ही सगळे असं वागता, जसं काही माझं अपेंडिक्स काढलं.” तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. “नऊ महिने होतं ते. तुम्ही तर हातात घेतलंत. फक्त मीच पाहिलं नाही.”

टोपडं जागेवर ठेवून ती निघून गेली. मंगलाबाई उठल्या तेव्हा झबल्याची सुई त्यांच्या लुगड्यात अडकली होती. कुसाबाईंनी ती काढून दिली आणि म्हणाल्या, घरी जा, मंगला. त्या वयात त्यांना एकेरी हाक मारणारं चर्चमध्ये कुसाबाईंखेरीज दुसरं माणूस नव्हतं, आणि घरी जा असं सांगणारं तर नव्हतंच.

मंगलाबाई घरी निघाल्या त्या रागातच. सहा महिने हिच्यासाठी जीव टाकला आणि ही चारचौघींत तोंडावर बोलते, असं त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. शरणपूर रोड ओलांडेपर्यंत राग टिकला. मग त्यांना एकदम ती मुलगी आठवली, दवाखान्याच्या त्या खोलीतली, आणि रागाचं पाणी झालं. खरं तर ती त्यांना रोज आठवत होती. तृप्तीसमोर विषय काढायचा नाही हा नियम त्यांनी तृप्तीसाठी केला की स्वतःसाठी, हे त्यांनी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

तृप्ती स्वयंपाकघरात करंज्या करत होती. नाताळचं सारण सकाळीच भाजून ठेवलेलं होतं. मंगलाबाई पोळपाटाच्या पलीकडे बसल्या. हात धुतले नव्हते, पण आज ते कोणी बघितलं नाही.

“कशी होती?” तृप्तीने विचारलं. मान वर केली नाही.

मंगलाबाईंनी सांगायला सुरुवात केली. केस खूप होते, काळेभोर, कपाळावर आलेले. डावा कान वरच्या बाजूला जरासा दुमडलेला, हर्षलचा आहे तसा. बोटं मात्र तुझी, लांब. ओठ घट्ट मिटलेले, रागावल्यासारखे, आणि तेव्हा मला वाटलं, ही तर माझ्यावर गेलीय. हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. सिस्टर गुंडाळून द्यायला निघाली होती, पण मी म्हटलं, थांब. कोमट पाणी मागवलं. जिवंत बाळाला घालतात तशी तिला अंघोळ घातली, डोकं पुसलं, केस विंचरले. माझ्या पिशवीत गेल्या नाताळचं झबलं होतं, तुझ्या बाळासाठीच जपून ठेवलेलं. ते घातलं. बरोबर बसलं. मग मांडीवर घेऊन बसले. सिस्टरने दोनदा हाक मारली तरी उठवेना.

हर्षलने फक्त दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं पाहिलं होतं. हे सगळं मंगलाबाईंनी आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तृप्ती लाटायची थांबली होती. “म्हणजे तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलात,” ती म्हणाली, “आणि मला मात्र दाखवली नाहीत, माझा जीव गुंतेल म्हणून.”

“हो.”

“तो वेळ माझा होता, आई.”

मंगलाबाईंना एरवी उत्तर सुचलं नाही असं कधी झालेलं नाही. उत्तर आत्ताही होतं. त्या काळची पद्धत, डॉक्टरांचं म्हणणं, तुझी तब्येत. त्यांनी त्यातलं काहीच काढलं नाही. “तुझाच होता,” त्या म्हणाल्या. “मी घेतला. चुकले मी, पोरी.”

तेव्हा तृप्ती रडली. जूनपासून घरात कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मंगलाबाईही रडल्या, आणि हर्षल कंपनीतून आला तेव्हा दोघी पिठाच्या हातांनी डोळे पुसत होत्या आणि कढईतल्या करंज्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. त्याने काही न विचारता गॅस बंद केला. समंजस पोरगा.

मोठी बॅग मात्र तशीच भरलेली होती. मंगलाबाई रोज दारातून तिच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या नाहीत. त्यांना दुसरं काम होतं. तिसऱ्या रविवारी उपासना झाली, सगळ्यांना सलाम करून झाला, तेव्हा त्यांनी बायकांना थांबवलं आणि सांगितलं, दोरी यंदा तृप्ती ओढेल, ओढायला तयार झाली तर. नवसाबाई चुळबुळल्या. आमच्या चर्चमध्ये अपशकुन हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, ख्रिस्ती माणसाने तसलं मानायचं नसतं. आम्ही ‘बरं दिसत नाही’ म्हणतो. नवसाबाई तेच म्हणाल्या. जन्माचा सण आहे, मंगलाबाई, लोक आनंदाला येतात, तेव्हा जिचं असं झालंय तिने पाळणा हलवायचा म्हणजे बरं दिसत नाही.

मंगलाबाई म्हणाल्या, “नाताळच्या गोष्टीत हेरोद राजा आहे की नाही? बेथलेहेमातल्या बायांचे पाळणे त्याने रिकामे केले की नाही? ते पान आपण नाताळात कधी वाचतच नाही, कारण ते बरं दिसत नाही. आणि ज्या मरियेचं बाळ आपण जोजवतो, ती शेवटी कुठे उभी होती? क्रुसाखाली. तिला विचारा, तृप्तीच्या हाताने पाळणा हललेला चालेल का.”

नवसाबाईंनी फलकावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं आणि मग मंगलाबाईंच्या तोंडाकडे. त्या काही बोलायच्या आत स्नेहाच म्हणाली, मी तर आधीपासून घाबरले होते, तिच्यासमोर कशी ओढू म्हणून. त्याच संध्याकाळी ती मुलाला घेऊन साळव्यांकडे आली आणि पदर न घेता, उघड्या दारात, त्याला तृप्तीच्या मांडीवर ठेवलं. तृप्तीने त्याला घेतलं. थोडा वेळ रडली, मग त्याची नखं वाढलीत म्हणून स्नेहाला रागावली. दोरीचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, बघू.

तेवीस तारखेला सकाळी ती डबा घेऊन लॅबमध्ये गेली. बॅग पलंगाखालीच होती. मंगलाबाईंनी खाली वाकून दोनदा खात्री केली.

चोवीस तारखेला चर्च गच्च भरलं होतं. थंडी कडाक्याची, लोक शाली-स्वेटरात. वेदीसमोर पाळणा ठेवला होता. त्याच्या स्टँडचा एक पाय आखूड आहे, म्हणून दरवर्षी मंगलाबाई एका बाजूने तो धरून उभ्या राहतात आणि तिथूनच पाळण्याची पहिली ओळ उचलतात. पाळकसाहेबांनी खूण केली. तृप्ती बाकावरून उठली. मागे कुठेतरी कुजबुज झाली, आणि कुसाबाईंनी मान वळवून बघताच ती थांबली.

तृप्ती पाळण्यापाशी आली. टोपड्याची नाडी सैल होती ती तिने नीट बांधली. मग बाहुलीच्या कानाशी वाकली. कुर्र केलं आणि म्हणाली, “येशू.” हे रीतीप्रमाणे झालं. आता ती सरळ होऊन दोरी हातात घेणार, म्हणून मंगलाबाईंनी गाण्यासाठी श्वास घेतला. पण तृप्ती तशीच वाकलेली राहिली. तिने दुसऱ्यांदा कुर्र केलं, त्याहून हळू, आणि दुसरं एक नाव घेतलं. पाळण्याला हात लावून उभ्या असलेल्या बाईलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“हन्ना.”

मग तिने दोरी ओढली. मंगलाबाईंनी पाळणा सुरू केला, तो त्यांच्या नेहमीच्या पट्टीत लागलाच नाही, पहिल्याच ओळीला आवाज फुटला. कुसाबाईंनी मागून ओळ उचलली, मग बाकीच्या बायकांनी. हर्षल पुरुषांच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

सव्वीस तारखेला तृप्ती इगतपुरीला निघाली. चार दिवसांसाठी, लहान पिशवी घेऊन. तिच्यात कपडे आणि करंज्यांचा डबा. हर्षल रिक्षा घेऊन आला होता. मंगलाबाई दारात उभ्या होत्या. लवकर ये, असं म्हणावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि अशा वेळी माणूस जे करतं तेच त्या करत होत्या. शाल नीट घे, घाटमाथ्यावर गार असतं, खिडकीशी बसू नकोस.

रिक्षात बसल्यावर तृप्तीने बाहेर डोकं काढलं.

“आई, मी येईपर्यंत त्या क्रॉसवर नाव घालून घ्या,” ती म्हणाली. “तुम्ही ऐकलंय ना?”

“ऐकलंय,” मंगलाबाई म्हणाल्या.